सोमलाचे औषध आणि मेंदूच्या रेघा

‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. त्यामागची कृती मात्र आपल्या डोळ्यांसमोरून गेली आहे. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देत असे. लेप वाळला म्हणजे चुकीचे अक्षर झाकले जाई आणि त्याच जागी पुन्हा लिहिता येई. शिवाय हा लेप विषारी असल्याने कागदाला कसरही लागत नसे. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. मनशीळ हे त्याचेच तांबूस भावंड आणि सोमल हे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड. (बंद या अर्थाचा ‘हरताळ’ सर्वस्वी निराळा. तो हाट आणि टाळे यांवरून गुजरातीमार्गे आपल्याकडे आला. उत्तरपत्रिकांत या दोन शब्दांची गल्लत नेमाने आढळते, म्हणून एवढे विषयांतर.)

प्रस्तुत लेखाचा विषय या आर्सेनिकचा दुसरा एक वापर हा आहे. १९१० पासून पुढे सुमारे पस्तीस वर्षे उपदंशाच्या, म्हणजे सिफिलिसच्या, रुग्णांना आर्सेनिकची संयुगे शिरेतून टोचली जात होती. त्यांनी असंख्य माणसे बरी केली. थोड्या रुग्णांच्या मेंदूला मात्र त्यांनी जबर इजा केली, आणि या पर्वाच्या शेवटच्या दशकात त्या इजेचा माग मेंदूच्या विद्युत्-आलेखांतून काढण्याचा प्रयत्न झाला. साहित्याच्या अभ्यासकाने या वाटेला का जावे, असे वाचक विचारतील. आमच्या मते या इतिहासाच्या मध्यभागी एक वाचनाचा प्रश्न आहे. सुई टोचल्यावर दोन दिवसांनी माणूस बेशुद्ध पडला, तर ती करणी रोगाची की औषधाची? साक्षीला होती कागदावरची एक थरथरती रेघ. ती कोणी कशी वाचली, आणि ती वाचण्यापूर्वी काय काय ठरवून टाकलेले होते, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

आम्ही परभणीत बसून लिहितो आहोत, तेव्हा आरंभ इथल्या शब्दांपासून करणे सोयीचे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. या मुलखात या एका रोगाला निदान तीन भाषांतून नावे होती. गावातल्या मराठीत ती ‘गरमी’. हकिमाकडे आणि उर्दूतून वैद्यक शिकलेल्या डॉक्टराकडे ती ‘आतशक’. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवले होते आणि वैद्यकही त्यातून सुटले नव्हते. वैद्याच्या संस्कृतात तो ‘फिरंगरोग’. आतश म्हणजे विस्तव. गरमीचा अर्थ सांगायला नको. ही दोन नावे दोष उष्णतेला देतात, तिसरे नाव परक्याला देते. यात आपले वेगळेपण काही नाही. इटालियनांनी याला फ्रेंचांचा रोग म्हटले आणि फ्रेंचांनी नेपल्सचा. ‘सिफिलिस’ हे जगन्मान्य झालेले नाव तर एका काव्यातून आलेले आहे: इटालियन वैद्य-कवी फ्राकास्तोरो याने १५३० साली प्रसिद्ध केलेल्या लॅटिन काव्यात देवाचा कोप ओढवून घेणाऱ्या मेंढपाळाचे नाव सिफिलस असे आहे. एखाद्या कल्पित पात्राच्या नावाने अख्खे जग एक रोग ओळखते, असे दुसरे उदाहरण आम्हांला चटकन आठवत नाही. आणि त्या मूळ कथेतच रोग म्हणजे शिक्षा, हा अर्थ पेरलेला आहे.

‘फिरंगरोग’ हा शब्द आयुर्वेदाच्या जुन्या संहितांत नाही. तो प्रथम येतो सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात. त्यात उपाय सांगितले आहेत ते पाऱ्याच्या रसकर्पूराचे आणि चोपचिनीचे. चोपचिनी हे चीनकडून आलेले मूळ. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादांत तिच्यावर एक प्रकरण खर्च केले आहे. म्हणजे रोग, त्याचे नाव आणि त्यावरचे औषध ही तिन्ही एकाच काळात, बहुतेक एकाच समुद्रमार्गाने आपल्या किनाऱ्याला लागली. पाऱ्याने रोग दबे. दात हलत, तोंडाला लाळ सुटे, हात कापू लागत. औषधाची इजा सोसणे हा उपचाराचाच भाग, ही समजूत आर्सेनिक येण्याच्या चारशे वर्षे आधीच रुळलेली होती, हे लक्षात ठेवलेले बरे.

हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होती. १९०३ पर्यंत तिथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणी आणि गरमी यांची सांगड ब्रिटिश सरकारने कायद्यातच घातली होती. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा यांनी वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी आणली. आजारी ठरलेल्या बाईला ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या कोंडवाड्यात ठेवले जाई. त्या व्यवस्थेचा खरा रोख गोऱ्या सैनिकांच्या प्रकृतीवर होता, आणि कंटिंजंटचे शिपाई तर देशी, अधिकारी तेवढे गोरे. म्हणून कायद्याचा जाच हिंगोलीपेक्षा मोठ्या गोऱ्या छावण्यांत अधिक होता असे मानण्यास जागा आहे. १८६८ चा कायदा १८८८ साली मागे घेतला गेला. पण सक्ती बाईवर आणि सूट पुरुषाला, हा त्याचा साचा पुढेही टिकला. तो आपल्याला थोड्याच वेळात फ्रँकफुर्टमध्ये भेटणार आहे.

आता मूळ कथेकडे वळू. रोगाचा जंतू, तो फिरकीसारखा वेटोळा जीव, १९०५ साली शाउडिन आणि हॉफमान यांना दिसला. पुढच्या वर्षी वासरमान यांची रक्तपरीक्षा आली. त्याच सुमारास पॉल एर्लिख यांचे लक्ष ‘अॅटॉक्सिल’ नावाच्या आर्सेनिकच्या संयुगाकडे गेलेले होते. या नावाचा अर्थच ‘निर्विष’ असा. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर रॉबर्ट कॉख यांनी ते व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात वापरले, तेव्हा काही रुग्णांची दृष्टी गेली. निर्विषाने माणसे आंधळी केली! एर्लिख यांनी रेणूची रचना नीट उलगडून घेतली आणि तिच्यात एकेक फरक करीत शेकडो संयुगे तयार करवली. त्यांतले ६०६ क्रमांकाचे १९०९ साली जपानी सहकारी साहाचिरो हाता यांनी उपदंश झालेल्या सशांना टोचले आणि ससे बरे झाले. बाजारात आणण्यापूर्वी सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट वाटण्यात आल्या. १९१० च्या अखेरीस हेख्स्ट कंपनीने ‘साल्वरसान’ या नावाने ते विक्रीला काढले. तारून नेणारे आर्सेनिक, असा त्या नावाचा भाव.

हे पिवळसर चूर्ण हवाबंद काचेच्या कुपीत येई. कुपी फुटली आणि हवा लागली की त्याचे रासायनिक रूप बदले आणि ते अधिक विषारी होई. ते पाण्यात विरघळवून त्यात मोजून अल्कली घालायचे आणि मग शिरेत सोडायचे. थोडे इकडेतिकडे झाले तर दंडाचे मांस सडे. १९१२ साली आलेले ‘निओसाल्वरसान’ वापरायला सोपे होते. पहिल्या महायुद्धात जर्मन माल मिळेनासा झाला तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच कंपन्यांनी आपापली रूपे काढली. त्यांतले ‘नोव्हार्सेनोबिलोन’ हिंदुस्थानात इतके चालले की ‘एन. ए. बी.’ ही तीन अक्षरे डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यातली झाली. एक मौज नोंदवण्याजोगी आहे: साल्वरसानचा रेणू नेमका कसा असतो, याचा निर्वाळा २००५ साली मिळाला. तो एक रेणू नसून तीन आणि पाच आर्सेनिक अणूंच्या कड्यांचे मिश्रण आहे, असे तेव्हा दिसून आले. ज्याच्या लक्षावधी मात्रा दिल्या, ते आपण काय देतो आहोत हे देणाऱ्यांना पुरते ठाऊक नव्हते.

इजेचे चित्र लवकरच ठरीव झाले. बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या सुईनंतर, एक-दोन दिवस बरे गेल्यावर डोके दुखू लागे. ओकाऱ्या, मग बोलण्यात असंबद्धता, मग आकडी, आणि पाठोपाठ गाढ बेशुद्धी. काही रुग्ण दोन-तीन दिवसांत दगावत. शवविच्छेदनात मेंदूच्या पांढऱ्या भागात सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती रक्तस्रावाचे टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके दिसत. आज आपण या विकाराला आर्सेनिकजन्य मस्तिष्कविकृती म्हणतो. एकूण रुग्णांत हे प्रमाण अल्प होते. पण ज्याच्यावर ओढवे तो बहुधा तरुण आणि सुई टोचेपर्यंत चालता-बोलता असे.

इथे वाद पेटला. उपदंश स्वतःही मेंदूत शिरतो. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी वेडाच्या भरात मेलेल्या पक्षाघाती रुग्णांच्या मेंदूत हाच जंतू दाखवला होता. शिवाय पहिल्या सुईबरोबर जंतू घाऊक मेले की अंगात ज्वराची लाट येते. म्हणजे एकाच घटनेचे तीन अर्थ संभवत: रोग उसळला, मेलेल्या जंतूंचे विष पसरले, किंवा औषधच विष ठरले. साल्वरसाननंतर काही रुग्णांच्या कानाच्या आणि डोळ्याच्या नसा अधू झाल्या तेव्हा एर्लिख यांनी पहिला अर्थ उचलून धरला: औषध कमी पडले म्हणून मज्जासंस्थेत लपलेला रोग परतला, ही इजा औषधाची नव्हे. त्यांचे म्हणणे काही रुग्णांपुरते खरेही होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एखादा सिद्धान्त प्रत्येक प्रतिकूल घटना आपल्याच बाजूने वाचू लागला की त्याच्याविषयी सावध व्हावे, एवढे समीक्षेच्या विद्यार्थ्याला कळते.

१९१४ च्या जून महिन्यात हा वाद फ्रँकफुर्टच्या न्यायालयात पोचला. कार्ल वासमान नावाच्या एका पत्रकाराने असा आरोप केला होता की तिथल्या रुग्णालयात वेश्यांना त्यांच्या मनाविरुद्ध साल्वरसान टोचले जाते आणि त्यांना गंभीर इजा होतात. रुग्णालयाने बदनामीचा खटला भरला. एर्लिख यांची साक्ष झाली, त्या स्त्रियांच्याही जबान्या झाल्या. वासमानला एक वर्षाची कैद झाली. पुढच्याच वर्षी एर्लिख वारले, आणि कथा त्यांच्या बाजूने गोठून गेली. १९४० साली हॉलिवूडने त्यांच्यावर चित्रपट काढला, तोवर ते देवत्वाला पोचलेले होते. वासमान हा भडक लिहिणारा आणि यहुदीद्वेष्ट्यांना हत्यार पुरवणारा माणूस होता, अशी टीका झाली आहे. ती आम्ही नाकारत नाही. तरी त्या बायकांना कोणी विचारले होते काय, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या चारित्र्याने रद्द होत नाही. हिंगोलीच्या काळचा कायदा आणि फ्रँकफुर्टचे हे रुग्णालय यांत आम्हांला एकच साचा दिसतो: जिच्या शरीरावर प्रयोग करायचा तिचा शब्द आधीच अविश्वसनीय ठरवून टाकायचा.

अशा वेळी माणसाच्या शब्दावाचून बोलणारा साक्षीदार मिळाला तर तो हवाच होता. तो जर्मनीतच, येना इथे तयार होत होता. मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज टिपली आणि पाच वर्षे कोणाला फारसे न सांगता पडताळून १९२९ साली प्रसिद्ध केली. ही वीज व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांएवढी. शांतपणे डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या आलेखात सेकंदाला सुमारे दहा लाटा एका लयीत उमटतात, डोळे उघडताच ती लय मोडते. बर्गर यांनी तिला आल्फा म्हटले. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी दुजोरा देईपर्यंत त्यांच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३६ साली ग्रे वॉल्टर यांनी दाखवले की मेंदूत गाठ असलेल्या जागेभोवती सेकंदाला तीनाहून कमी अशा मोठ्या, संथ लाटा येतात. त्यांना डेल्टा हे नाव पडले. आलेखाची भाषा एवढीच, दोन-चार शब्दांची. कागद सरकत राहतो, लेखणी खालीवर होते, आणि वाचणारा लयीची गती, उंची आणि जागा पाहतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास या दोन धाग्यांची गाठ पडली. साल्वरसानच्या वंशजांपैकी ‘मॅफार्सेन’ हे त्या वेळी अमेरिकेत रूढ होते. नेहमीचा उपचार दीड-दोन वर्षांचा, आठवड्याला एक सुई, आलटून पालटून आर्सेनिक आणि बिस्मथ. बहुतेक रुग्ण अर्ध्यावर सोडून जात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या काही डॉक्टरांनी १९३३ पासून असा विचार मांडला की सगळे औषध सलाइनसारखे थेंबाथेंबाने पाच दिवसांत देऊन टाकावे. १९४० मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि तो प्रकार गाजला. रोग जाई, पण काही शे रुग्णांमागे एक जण मेंदूच्या विकाराने मरे. एरवी विखुरलेल्या दवाखान्यांत केव्हातरी घडणारी इजा आता वॉर्डात, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, ठरल्या दिवसांत घडू लागली. आलेख काढण्याला याहून ‘सोयीची’ परिस्थिती नव्हती. हा शब्द अवतरणात घालताना आम्हांला संकोच होतो, पण वस्तुस्थिती तशी आहे.

रेघेत दिसले ते असे. बेशुद्धीच्या काळात दहाची लय नाहीशी होऊन मेंदूभर संथ, उंच लाटा पसरत. आकडी येणाऱ्यांच्या आलेखात तीक्ष्ण टोके मिसळत. रुग्ण सावरू लागला की लाटांची गती हळूहळू वाढे आणि आल्फा परते. माणूस बोलू-चालू लागल्यावरही आलेख काही काळ मागे रेंगाळे. नातेवाईक बरा झाला म्हणत आणि रेघ अजून नाही म्हणे. अमेरिकेतच रोमानो आणि एंगेल यांनी १९४४ च्या सुमारास अनेक प्रकारच्या वातभ्रमाच्या रुग्णांचा अभ्यास करून दाखवून दिले की शुद्ध जितकी हरपते तितक्या लाटा मंदावतात, आणि कारण दूर होताच दोन्ही बरोबरीने सुधारतात. मेंदूच्या कामातला बिघाड मोजता येतो, आणि तो परतीचा असू शकतो, हे यातून प्रथमच नि:संदिग्ध झाले.

पण मूळ खटल्याचा निकाल या रेघेने दिला नाही. संथ लाटा आर्सेनिकने येतात. यकृत निकामी झाल्याने, रक्तातली साखर उतरल्याने, मेंदूज्वरानेही येतात. लाट इजेची खोली सांगते, इजा करणाऱ्याचे नाव सांगत नाही. सुईआधीचा आलेख हाती असेल तरच नंतरच्या आलेखाला अर्थ. तोही काळाच्या क्रमाने, म्हणजे कथेच्या क्रमाने येतो: आधी काय होते, मग काय दिले, मग काय झाले. हे कळल्यावर आम्हांला त्या आलेखाविषयी आदर वाटू लागला. जे सांगता येते तेवढेच तो सांगतो. औषधावरचा आरोप शाबीत झाला तो दुसऱ्याच वाटेने.

ती वाट ऑक्सफर्डमधून जाते. रुडॉल्फ पीटर्स यांनी आधी कबुतरांवर ब जीवनसत्त्वाच्या अभावाचा अभ्यास करून मेंदूच्या पेशी साखरेपासून ऊर्जा कशी काढतात आणि ती क्रिया कुठे अडते हे शोधले होते. महायुद्धात शत्रू ‘लेविसाइट’ हा आर्सेनिकचा वायू सोडील या भीतीने सरकारने त्यांना उतारा शोधायला लावले, तेव्हा लक्षात आले की आर्सेनिकही त्याच क्रियेत अडसर घालते: गंधकयुक्त गटांना ते घट्ट चिकटते आणि पेशीची भट्टी विझते. हरताळातली आर्सेनिक-गंधकाची तीच जुनी सोयरीक. मग आर्सेनिकला भुलवील असे दोन गंधकगटांचे संयुग स्टॉकेन आणि टॉम्पसन यांनी घडवले. ‘बाल’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे ते औषध शेंगदाण्याच्या तेलात मिसळून दंडात किंवा कुल्ल्यात खोल टोचावे लागते आणि भयंकर दुखते. ज्या हल्ल्याची भीती होती तो झालाच नाही. उताऱ्याचा उपयोग झाला तो उपदंशाच्या रुग्णांना: १९४६ साली ईगल आणि मॅग्नसन यांनी आर्सेनिकची बाधा झालेल्या २२७ रुग्णांवरच्या उपचाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात मेंदूचे रुग्णही होते. आर्सेनिक खेचून काढताच बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो, तर इजा कोणाची हा वाद उरतो कुठे? युद्धवायूसाठी शोधलेल्या उताऱ्याने औषधाचा गुन्हा उघड केला, आणि नेमक्या त्याच वेळी ते औषधच कालबाह्य झाले. १९४३ मध्ये जॉन माहोनी यांनी स्टेटन आयलंडवर चार रुग्णांना पेनिसिलिन देऊन उपदंश हटवला होता.

आपल्याकडे हा बदल दशकभर मागाहून आला. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन निघू लागले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्याला साहाय्य होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १९५६ साली. तेव्हा परभणीच्या रुग्णाला जवळच्या कारखान्याचे पेनिसिलिन आणि राज्याचा नवा नकाशा ही दोन्ही जवळपास एकदमच मिळाली, असे म्हणता येईल.

आर्सेनिकच्या त्या पर्वात मराठीत या रोगाविषयी उघडपणे लिहिणारे नाव म्हणजे र. धों. कर्वे. ‘गुप्तरोगापासून बचाव’ हे त्यांचे पुस्तक आणि जुलै १९२७ पासून चालवलेले ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक यांतून त्यांनी पापाची भाषा काढून टाकून रोगाची भाषा आणली. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. त्यांतल्या १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्वे ऑक्टोबर १९५३ मध्ये वारले. त्याच्या आदल्या महिन्यात परभणीत बी. रघुनाथ गेले. सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करीत निजामी मुलखातले कोंडलेले जीवन कवितेत आणि कादंबरीत आणणारा हा लेखक आमच्या गावाला आजही आपला वाटतो. या दोघांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच सुचवायचे आहे की मुंबईत जे खटले सोसून छापले जात होते, त्याला सरहद्दीच्या अलीकडच्या मराठीत वाचक घडवण्याइतकीही मोकळीक नव्हती. शिक्षणाची भाषा उर्दू आणि घरची भाषा मराठी, अशा फटीत ‘गरमी’ हा शब्द शिवी आणि विनोद यांच्यापलीकडे जाणे अवघड होते.

साहित्य या बाबतीत एकूणच आखडते हात घेते. इब्सेनचे १८८१ चे ‘गोस्ट्स’ हा रोग मध्यभागी ठेवते, पण नाव उच्चारत नाही. ‘मादाम बोव्हारी’मध्ये सोमल खाल्ल्यानंतरचे मरण फ्लोबेरने तपशिलाने लिहिले, ते आत्मघाताचे सोमल, म्हणून लिहिता आले. डॅनिश लेखिका कारेन ब्लिक्सेन यांना केनियात असताना उपदंश झाल्याचे निदान झाले होते. त्यांनी आधी पारा, मग साल्वरसान घेतले. पुढे आयुष्यभर छळणाऱ्या त्यांच्या दुखण्यात रोगाचा वाटा किती आणि औषधांचा किती, यावर डॉक्टर-अभ्यासक आजही दोन तट करून आहेत. १९३७ च्या ‘आउट ऑफ आफ्रिका’मध्ये मळा आहे, सिंह आहेत, विमानातून दिसणारी जमीन आहे, रोगाविषयी अक्षर नाही. लेखिकेने आपल्या हाताने लेप दिला आणि वर सुंदर अक्षर लिहिले. तिच्या मौनाला आम्ही दोष देत नाही. पण ते पुस्तक वर्गात शिकवताना लेपाखालचे अक्षर सांगावे, असे आमचे मत आहे.

आर्सेनिकची औषधे उपदंशातून गेली तरी ज्या निद्रारोगापासून सुरुवात झाली होती तिथे टिकून राहिली. १९४९ साली आलेले ‘मेलार्सोप्रोल’ हे त्यातले मुख्य. जंतू मेंदूत शिरलेल्या रुग्णाला दुसरे काही लागू पडत नसे, आणि घेणाऱ्यांपैकी शेकडा पाच ते दहा जणांना मेंदूची तीच जुनी इजा होई. त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावत. १९१२ मध्ये जो धोका चर्चेत होता, तो आफ्रिकेच्या खेड्यांत एकविसाव्या शतकापर्यंत पत्करला जात होता. पोटात घेण्याच्या ‘फेक्सिनिडाझोल’ या गोळ्यांना युरोपीय औषध संस्थेने अनुकूल मत दिले ते २०१८ साली.

या प्रकरणाची एक तार अनपेक्षितपणे महाराष्ट्रात येते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात निद्रारोगाच्या जंतूचा भाऊबंद, एरवी गुराढोरांना आणि उंट-घोड्यांना होणाऱ्या ‘सर्रा’चा जंतू, सापडला. तो माणसाला होत नाही असे पाठ्यपुस्तके सांगत होती. या शेतकऱ्याच्या रक्तात अशा जंतूंना मारणारे एक प्रथिन नव्हते, असे पुढच्या संशोधनात निघाले. उपचार ठरवण्यापूर्वी डॉक्टरांनी त्याच्या पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. जंतू मेंदूपर्यंत पोचलेले नव्हते. म्हणून आर्सेनिकच्या वाटेला न जाता त्याला ‘सुरामिन’ देण्यात आले, आणि तो बरा झाला.